अल्पसंख्याक शाळा: अनुदान कुणाचं, सूट कशाची, जागा कुणाला

दरवर्षी आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या मोफत प्रवेशांची, सोडत जवळ आली की एक प्रश्न हमखास येतो. घरापासून पाचशे मीटरवर नावाजलेली शाळा आहे, मग अर्ज भरताना तिचं नाव यादीत का दिसत नाही? उत्तर बहुतेक वेळा एका ओळीचं असतं: शाळेला अल्पसंख्याक दर्जा आहे. त्यावरून पुढची चर्चा ‘त्यांना सरकार पैसे देतं आणि आपल्या मुलांना प्रवेश नाही’ या वळणावर जाते आणि तिथेच अडकते. या एका वाक्यात तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी झालेली असते. अनुदान वेगळं, आरटीईतून सूट वेगळी आणि प्रवेशाचा कोटा वेगळा. तिन्हींचे नियम वेगळे आहेत आणि माझ्या मते अन्याय तिन्हींत नाही, मुख्यतः एकात आहे.

आधी अनुदान, कारण त्याबद्दल गैरसमज सर्वांत जास्त. महाराष्ट्रात अनुदानित शाळा म्हणजे शिक्षक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा पगार सरकार देतं. शालार्थ प्रणालीतून तो थेट कर्मचाऱ्याच्या खात्यात जातो, संस्थेच्या हातात पडत नाही. त्याशिवाय वेतनेतर अनुदान म्हणून थोडी रक्कम मिळते. खडू, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती तीत भागवायची असते आणि ती वेळेवर येईलच असं नाही. किती शिक्षक मंजूर हे संचमान्यतेवर (शाळेच्या पदांना मिळणाऱ्या सरकारी मंजुरीवर) ठरतं आणि संचमान्यता पटावर, तीही ३० सप्टेंबरच्या आधार-पडताळणी झालेल्या पटावर. हा हिशेब मराठी माध्यमाच्या बहुजन संस्थेला, उर्दू शाळेला आणि मिशनच्या शाळेला सारखाच लागू आहे. संविधानाच्या कलम ३०(२) मध्ये सांगितलेलं आहे ते एवढंच: संस्था अल्पसंख्याकांची आहे म्हणून अनुदान देताना भेदभाव करायचा नाही. जास्त द्या असं तिथे कुठेही नाही. उलट अनुदान मिळणं हा मूलभूत हक्कच नाही, मग संस्था अल्पसंख्याक असो वा नसो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये उत्तर प्रदेशच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. म्हणजे ‘त्यांना खैरात’ ही तक्रार नेहमीच्या वेतन अनुदानाच्या बाबतीत टिकत नाही.

फरक पडतो तो भरतीत. बिगर-अल्पसंख्याक अनुदानित शाळेला शिक्षक घ्यायचा तर शिक्षकभरतीचं सरकारी पवित्र पोर्टल, बिंदुनामावली (कोणतं पद कोणत्या प्रवर्गाला याची यादी) आणि आरक्षण, या सगळ्यातून जावं लागतं. अल्पसंख्याक संस्थेला पगार सरकारकडूनच मिळतो, पण उमेदवार निवडण्याचा अधिकार संस्थेकडे राहतो आणि भरतीतलं आरक्षणही लागू होत नाही. हा अधिकार अमर्याद आहे असं समजू नये. पश्चिम बंगालनं अनुदानित मदरशांतले शिक्षक आयोगामार्फत निवडण्याचा कायदा केला, तो सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२० मध्ये वैध ठरवला. म्हणजे गुणवत्तेसाठी अट घालायला राज्याला वाव आहे. महाराष्ट्रानं तो फारसा वापरलेला नाही आणि ही राज्याची निवड आहे, संविधानाची सक्ती नव्हे.

आता सूट. माझा खरा आक्षेप इथे आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. कलम १२(१)(क) नुसार विनाअनुदानित खाजगी शाळेनं प्रवेशस्तरावर किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्यायच्या. एप्रिल २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना यातून वगळलं, अनुदानित अल्पसंख्याक शाळांना नाही. ही रेषा समजण्यासारखी होती: सरकारचा पैसा घेता, मग सरकारचा नियम पाळा. पण ६ मे २०१४ रोजी ‘प्रमती’ प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ती पुसली. अनुदानित असो की विनाअनुदानित, अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागूच नाही, असा तो निकाल. ‘लागूच नाही’ हे शब्द महत्त्वाचे. पालकांना वाटतं २५ टक्क्यांची सूट मिळाली. प्रत्यक्षात त्याच कायद्यातली प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची मुलाखत घेण्यावरची बंदी, देणगी मागितल्यास दहापट दंड, विद्यार्थी-शिक्षक प्रमाण, या सगळ्याचा आधारही त्या शाळांपुरता निसटला. राज्याचा १९८७ चा कॅपिटेशन फी बंदीचा कायदा स्वतंत्रपणे उभा आहे, म्हणून देणगीची तक्रार करायची असेल तर अल्पसंख्याक शाळेविरुद्ध ती त्या कायद्याखाली करावी. अनेक तक्रारी केवळ आरटीईचं कलम लिहिल्यामुळे पहिल्याच टेबलावर परत येतात.

या सुटीची किंमत रुपयांत मांडली की चित्र बदलतं. समजा, एका विनाअनुदानित इंग्रजी शाळेत पहिलीला ४० जागा आहेत आणि वार्षिक फी ६०,००० रुपये. २५ टक्के म्हणजे १० मुलं. महाराष्ट्रात सरकारनं ठरवलेली प्रतिपूर्ती एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये, तीही थकत थकत येणारी. म्हणजे दर मुलामागे ४२,३३० रुपयांची खोट आणि दहा मुलांची मिळून ४,२३,३०० रुपये. ही मुलं आठवीपर्यंत वर सरकत जातात, दरवर्षी खालून नवीन दहा येतात. आठव्या वर्षी शाळेत अशी ८० मुलं असतील आणि वर्षाची खोट ३३,८६,४०० रुपयांवर गेलेली असेल, तीही फी एक रुपयानं न वाढवता. अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र हा आकडा शून्य करतं. मग ते मिळवण्यासाठी कोण काय करेल याची कल्पना करायला फार हुशारी लागत नाही.

आणि ते मिळतं कसं? महाराष्ट्रात अल्पसंख्याक विकास विभाग ते देतो, दिल्लीच्या राष्ट्रीय अल्पसंख्याक शैक्षणिक संस्था आयोगाकडूनही मिळू शकतं. राज्यातला मुख्य निकष विश्वस्त मंडळाचा: किमान दोन-तृतीयांश विश्वस्त त्या समाजाचे हवेत. समाज धार्मिक असू शकतो, म्हणजे मुस्लिम, ख्रिश्चन, बौद्ध, शीख, पारशी, जैन, ज्यू. किंवा भाषिक, म्हणजे ज्यांची मातृभाषा मराठी नाही असे गुजराती, सिंधी, हिंदी, तमिळ वगैरे. राज्य हाच घटक धरायचा, हे २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात अकरा न्यायमूर्तींनी ठरवलं. म्हणूनच मुंबईतली गुजराती संस्था इथे अल्पसंख्याक ठरते आणि बेळगावातली मराठी संस्था कर्नाटकात. ‘प्रमती’ची सूट भाषिक अल्पसंख्याकांनाही आहे, हे टीव्हीवरच्या चर्चेत कुणी सांगत नाही. शहरांत ज्या शाळा यादीत दिसत नाहीत त्यांतल्या बऱ्याच धार्मिक नव्हे, भाषिक दर्जावर बाहेर असतात.

विश्वस्त बदलणं अवघड नाही. जुने दोन-तीन जण राजीनामा देतात, नवे येतात, धर्मादाय आयुक्तांकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली फेरफार अर्ज जातो, तो मंजूर झाला की परिशिष्ट-१ वर, म्हणजे न्यासाच्या नोंदीच्या उताऱ्यावर, नवी नावं चढतात. शाळा तीच, मुलं तीच, फी तीच. मुलांच्या टक्केवारीचा मुद्दा सरकारी कागदांत येत-जात राहतो, पण पहिलीच्या वर्गात यंदा त्या समाजाची किती मुलं आली हे पाहून दर्जाचं वर्षाला नूतनीकरण होत नाही. कायद्याच्या दृष्टीनंही हे डळमळीत आहे. अल्पसंख्याकांना शैक्षणिक संस्थांचा हक्क देणारं संविधानाचं कलम ३०(१) ‘स्थापन करणं’ आणि ‘चालवणं’ असे दोन शब्द वापरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठानं ४ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की, संस्थेची कल्पना कुणाची, उद्देश काय, पैसा कुणी उभा केला, उभारणी कुणी केली, हे सगळं तपासून स्थापना कुणाची ते ठरवायचं. आज मंडळावर कोण बसलंय एवढी मोजणी त्याच्यापुढे तोकडी पडते.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०२१ च्या अहवालात देशभरातलं चित्र आहे. धार्मिक अल्पसंख्याकांच्या लोकसंख्येत ख्रिश्चन ११.५४ टक्के, पण धार्मिक अल्पसंख्याक शाळांत त्यांच्या शाळा ७१.९६ टक्के. मुस्लिम ६९.१८ टक्के, शाळा २२.७५ टक्के. ख्रिश्चन शाळांतली सुमारे ७४ टक्के मुलं ख्रिश्चन नाहीत. सगळ्या अल्पसंख्याक शाळा मिळून ६२.५ टक्के मुलं त्या-त्या समाजाबाहेरची. आणि सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित मुलं फक्त ८.७६ टक्के. या अहवालाच्या हेतूवर बरीच टीका झाली आणि तिच्यात तथ्यही आहे, कारण मिशनच्या शाळेत इतर धर्मांची मुलं असणं हा दोष म्हणून मांडणं विचित्रच. दीडशे वर्षं त्या शाळांनी सगळ्यांना शिकवलं हे त्यांचं श्रेय आहे. पण मग सूट कशासाठी, हा प्रश्न उरतो. समाजाची संस्कृती, भाषा जपायची म्हणून सूट. वर्गात समाजाची मुलं पाव. आणि बाहेरच्या मुलांना प्रवेश आहेच, फक्त फी भरू शकणाऱ्या. अशा शाळेला गरीब मुलापासून संरक्षण देऊन कुठली संस्कृती जपली जाते?

याचा सर्वांत जास्त फटका कुणाला बसतो ते पाहा. महाराष्ट्रात आरटीईसाठी अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, इतर मागासवर्ग, विशेष मागासवर्ग यांना उत्पन्नाची अट नाही. जातीचा दाखला पुरतो. ज्यांच्याकडे असा दाखला नाही त्यांना एक लाखापर्यंतच्या वार्षिक उत्पन्नाचा दाखला लागतो. मुंब्रा, मालेगाव, भिवंडीतलं दाखला नसलेलं गरीब मुस्लिम कुटुंब या दुसऱ्या रांगेत येतं. त्याला अर्ज करता येतो तो बिगर-अल्पसंख्याक शाळेत. त्याच्याच समाजाच्या नावानं चालणारी, गल्लीच्या तोंडाशी असलेली महागडी इंग्रजी शाळा मात्र यादीत नाही. कलम ३० ज्याच्यासाठी आहे असं मानलं जातं, त्यालाच त्या कलमामुळे दार बंद.

यावर तोडगा सुचलेला आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठानं ‘प्रमती’च्या निकालावर शंका घेऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे जावं म्हणून सरन्यायाधीशांपुढे ठेवलं. प्रकरण महाराष्ट्रातूनच गेलेलं. शिक्षकांच्या टीईटीच्या (शिक्षक पात्रता परीक्षेच्या) सक्तीवरून सुरू झालं आणि बातम्याही टीईटीच्याच झाल्या. पण त्यात एक प्रश्न असा आहे: कलम १२(१)(क) चा अर्थ अल्पसंख्याक शाळांपुरता मर्यादित करून, त्या २५ टक्के जागा त्याच समाजातल्या, परिसरातल्या दुर्बल मुलांना देता येतील का? मला हा मार्ग पटतो. संस्थेचं स्वरूप बिघडत नाही आणि ‘संस्कृती जपतो’ हा दावा पहिलीच्या वर्गात तपासता येतो. गंमत म्हणजे मुलं मोजण्याची पद्धत राज्याला नवी नाही. अल्पसंख्याकबहुल खाजगी शाळांना पायाभूत सुविधांसाठी जी वेगळी योजना आहे, तिची कमाल मर्यादा २ लाखांवरून २०२४ मध्ये १० लाख रुपये झाली. तिथे अट आहे ती पटावर किमान ७० टक्के अल्पसंख्याक विद्यार्थी असण्याची. दहा लाखांसाठी मुलं मोजायची आणि दरवर्षीच्या तेहतीस लाखांसाठी विश्वस्त?

एक खुलासा इथे हवा. हा सगळा आक्षेप विनाअनुदानित, भरमसाट फीच्या शाळांबद्दल आहे. अनुदानित उर्दू शाळा किंवा खेड्यातली मिशनची अनुदानित शाळा घेतली तर वर्गात तीच मुलं बसलेली असतात ज्यांच्यासाठी २५ टक्क्यांचा कायदा केला. तिथे सूट असली काय, नसली काय, फरक पडत नाही. मदरसे आणि वैदिक पाठशाळा तर २०१२ च्या दुरुस्तीनं एकाच वाक्यात कायद्याबाहेर ठेवलेल्या आहेत.

अनुदानित शाळेत प्रश्न वेगळा असतो: धर्मावरून प्रवेश नाकारता येतो का? कलम २९(२) सांगतं की सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत कुणालाही केवळ धर्म, वंश, जात, भाषा या कारणानं प्रवेश नाकारता येणार नाही. कलम ३०(१) सांगतं की अल्पसंख्याकांना आपली संस्था आपल्या पद्धतीनं चालवता येते. दोन्हींची सांगड डिसेंबर १९९१ च्या सेंट स्टीफन्स निकालानं घातली: अनुदानित अल्पसंख्याक संस्थेनं आपल्या समाजाला ५० टक्क्यांपर्यंत जागा राखाव्यात, बाकी गुणवत्तेवर. २००२ मध्ये पै निकालानं ५० चा आकडा सैल केला आणि ‘वाजवी प्रमाण’ ठरवणं राज्यावर सोडलं. म्हणून ‘आमच्याकडे फक्त आमच्याच समाजाला’ असं अनुदानित शाळा म्हणाली तर ते बेकायदा आहे. आणि हो, कलम २८(३) नुसार अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत धर्मशिक्षणाच्या तासाला बसण्यासाठी पालकांची संमती लागते. प्रवेश अर्जाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात ती घेतलेली असते. सही करण्याआधी वाचावी.

अकरावीचं गणित सोपं आहे, पण दरवर्षी त्यावरून रडारड होते. अल्पसंख्याक कनिष्ठ महाविद्यालयात ५० टक्के अल्पसंख्याक कोटा, १० टक्के इनहाऊस (त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी), ५ टक्के व्यवस्थापन. १२० ची तुकडी असेल तर ६०, १२ आणि ६ जागा गेल्यावर कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीसाठी ४२ उरतात. कटऑफ चढतो तो या ४२ जागांवर. कोट्यातल्या रिकाम्या जागा महाविद्यालयानं प्रत्यार्पित केल्या की त्या कॅपमध्ये येतात, पण त्या उशिरा येतात, तोवर चांगल्या गुणांची मुलं दुसरीकडे प्रवेश घेऊन मोकळी झालेली असतात. म्हणून पहिल्या फेरीचा कटऑफ पाहून पसंतीक्रमातून अशा महाविद्यालयाचं नाव काढून टाकू नये. मे २०२५ च्या शासन निर्णयात अल्पसंख्याक महाविद्यालयांतल्या जागांना सामाजिक आरक्षण लावलं गेलं. १२ जूनला मुंबई उच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. कलम १५(५) अल्पसंख्याक संस्थांना आरक्षणातून स्पष्टपणे वगळतं, तेव्हा दुसरं काही होणं कठीणच होतं. कोट्यातून प्रवेश घेताना शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची धर्माची किंवा मातृभाषेची नोंद पाहतात. भाषिक कोट्यात घोळ इथेच होतो: घरी गुजराती बोलतात आणि दाखल्यावर मातृभाषा ‘मराठी’ किंवा रकाना कोरा. ही नोंद मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्यायची असते; दाखला हातात पडल्यावर ते फार किचकट होतं.

अनुदानाबाबतीत धर्मावरून उघड असमानता पाहायची असेल तर गोव्याकडे बघावं. १९९० पासून तिथे प्राथमिक अनुदान फक्त कोकणी-मराठी माध्यमाला होतं आणि चर्चच्या शाळाही त्यासाठी कोकणीत आल्या. २०११ च्या सुमारास कामत सरकारनं इंग्रजीला अनुदान खुलं केलं. २०१२ नंतर पर्रीकर सरकारनं ते चालू ठेवलं ते अल्पसंख्याकांच्या, मुख्यतः डायोसेसनच्या (चर्चच्या धर्मप्रांताच्या), इंग्रजी शाळांपुरतं. म्हणजे माध्यम तेच, इयत्ता तीच, पण शाळा कुणाची यावर अनुदान. भारतीय भाषा सुरक्षा मंचानं आंदोलन केलं, २०१६ मध्ये त्यावरून संघाच्या गोवा शाखेत फूट पडली, तरी व्यवस्था टिकली. कलम ३०(२) अल्पसंख्याक म्हणून डावलू नका म्हणतं. अल्पसंख्याक नाही म्हणून डावलण्याचा तोडगा गोव्यानं शोधला.

शेवटी व्यवहाराचं. एखाद्या शाळेचा दर्जा खरा आहे का हे तपासायचं असेल तर शाळेच्या कार्यालयात वाद घालून काही होत नाही. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), मुंबईत शिक्षण निरीक्षक किंवा महापालिकेचा शिक्षण विभाग, यांच्याकडे १० रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात अर्ज करावा. मागायचं ते नेमकं: शाळेच्या ११ अंकी यूडायस (शाळांच्या सरकारी माहिती प्रणालीतल्या) क्रमांकासह अल्पसंख्याक दर्जाच्या प्रमाणपत्राची प्रत, त्याचा दिनांक, प्रमाणपत्र संस्थेला आहे की शाळेला, आणि गेल्या तीन वर्षांत शाळेनं यूडायसमध्ये भरलेली अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची इयत्तावार संख्या. मुलांची नावं मागू नयेत, तेवढ्यावरून अख्खा अर्ज फेटाळतात. प्रमाणपत्राचा दिनांक परिशिष्ट-१ वरच्या शेवटच्या फेरफाराशी ताडून पाहावा. तो उतारा सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयातून मिळतो. विनाअनुदानित शाळा स्वतः माहिती अधिकारात येत नाही असं म्हणेल, म्हणूनच अर्ज शाळेकडे नव्हे, शिक्षण विभागाकडे करायचा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा ‘माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही’ असं आलं, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील. आणि त्यात लिहायचं की यूडायसची माहिती हेच कार्यालय प्रमाणित करून पुढे पाठवतं.